तपशील विचारायचे नाहीत

शिबिराची बस कोपऱ्यावरून वळली आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही. शेजारची एक आई हुंदके देत होती. दुसरी रुमाल हलवत बसमागे चार पावलं धावलीही. मी मात्र मनातल्या मनात गादीवर पाय ताणून झोपले होते.

"अगं, जरा वाईट वाटल्यासारखं तरी कर," आमचे हे कानाशी पुटपुटले.

"वाटतंय ना वाईट. आधी का नाही पाठवलं, याचं."

मिशनऱ्यांच्या मुलांसाठी आमचं मिशन दर उन्हाळ्यात आठवडाभराचं शिबिर भरवतं. तळ्याकाठी लाकडी खोल्या, पोहणं, होड्या, सकाळ-संध्याकाळ उपासना, मधल्या वेळात वचनं पाठ करणं. आम्ही आजवर अशा आडबाजूच्या जागी राहिलो की तिथून मुलं निघून शिबिराला पोहोचेपर्यंत शिबिर संपलंच असतं. यंदा पहिल्यांदा जमलं. मोठी तेरा वर्षांची, तिला घरात सगळे ताईच म्हणतात. धाकटा नऊ वर्षांचा आणि त्याला काय काय म्हणतात ते इथे सांगत नाही, मी मिशनऱ्याची बायको आहे.

आमचे हे दातांचे डॉक्टर. मिशन पाठवील तिथे जायचं, दवाखाना उभा करायचा, जरा घडी बसली की पुढचं बोलावणं. माणूस सोन्यासारखा आहे, पण दिवसभर तोंड उघडं ठेवून बसलेल्या लोकांशी गप्पा मारायची सवय लागली आहे. त्या बिचाऱ्यांना उत्तर देता येत नाही. मग घरी आल्यावरही हे स्वतःच विचारतात, स्वतःच उत्तर देतात आणि "ठरलं तर मग" म्हणून हात धुवायला जातात.

असंच एक ठरत आलं होतं. मिशनच्या साहेबांनी विचारलं होतं की समुद्रापलीकडे नवीन दवाखाना काढतोय, तुम्ही जाल का? रविवारी शिबिराच्या समारोपाला भेटू, तेव्हा सांगा. म्हणजे सहावं घर. ह्यांनी मला विचारलं, "जाऊ या ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तू तर काय, सामान बांधण्यात पहिली!"

आता माझं तोंड कसं आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नळ दुरुस्त करणारा मला घाबरून आधी फोन करून विचारतो की बाई घरी आहेत का, आणि असले तर येत नाही. पण या एका बाबतीत माझी दातखीळ बसते. सासूबाईंचं बोलावणं असतं तर डोकं दुखतंय म्हणून टाळलं असतं. हे वरून आलेलं बोलावणं! त्याला नाही म्हणणारी मी कोण? आणि मला तर जायचंच नव्हतं. अगदी मनापासून, हट्टी पोरासारखं जमिनीवर लोळून सांगावं इतकं जायचं नव्हतं.

माझं एक वेळ सोडा. या घरात आल्यापासून ताईने भिंतीवर एक चित्र लावलेलं नाही. मागच्या घरी भिंत भरून टाकली होती. मी विचारलं तर म्हणाली, "काढायलाच लागतात ना." तक्रार नव्हती त्यात. भांडी पुसता पुसता सहज म्हणाली ती.

म्हणून मी ठरवलं होतं की मुलं शिबिराला गेली, घर रिकामं झालं की ह्यांना खुर्चीत बसवायचं, त्यांचंच तोंड बंद करायचं आणि सांगून टाकायचं. फक्त आधी एक दिवस पोटभर झोपायचं.

झोपले. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी मी पांघरुणात होते. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या काकू उभ्या. हातात सूपाचं भलंमोठं पातेलं, मान एका बाजूला कललेली.

"कशी आहेस गं?"

"मजेत आहे की."

"हो, हो." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "धीराची आहेस हो पोरी. केस विंचरायचंसुद्धा सुचत नाही, मी समजू शकते."

केस विंचरले नव्हते कारण मी झोपले होते! पण ते सांगायच्या आत त्या पातेलं माझ्या हातात ठेवून डोळे पुसत निघूनही गेल्या. "आम्ही सगळे प्रार्थनेत आहोत," एवढं फाटकातून म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आणखी एक सूप, दोन केक आणि कसलासा भाजलेला पाव आला. आणणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर मान कलती करून उभा राही, हळू आवाजात बोले आणि काय झालं म्हणून विचारलं की ओठांवर बोट ठेवी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यावर साखळी प्रार्थना सुरू झाली होती!

साखळी म्हणजे काय, तर कुणाच्या घरी संकट आलं की एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तासाभरात सगळं मिशन गुडघ्यांवर. या साखळीचा एक कडक नियम आहे. गुपित राखायचं, तपशील सांगायचे नाहीत आणि विचारायचेही नाहीत. नियम चांगला आहे, फक्त त्यामुळे होतं असं की पुढच्याला नुसतं "त्या घरासाठी प्रार्थना करा, अवघड आहे" एवढंच कळतं, आणि उरलेलं तो आपल्या मगदुराप्रमाणे भरून काढतो.

पण आमच्या घरी अवघड काय होतं? मी तर ठणठणीत. मुलं शिबिरात, त्यांना काही झालं असतं तर शिबिरवाल्यांनी थेट आम्हालाच फोन केला असता. मग उरलं कोण? हे आजारी होते! सगळ्या जगाला सांगितलं आणि मला नाही. हल्ली जिना चढताना दम लागत होताच. मी म्हणत होते, केक कमी खा.

हे घरी आले ते नेहमीच्या वेळेच्या बरेच आधी आणि दारातच उभे राहून माझ्याकडे बघत बसले. डोळे लाल.

"तू बस," म्हणाले. "चहा मी करतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला चहाची पावडर कुठे असते ते माहीत नाही. मी समजले. निरोपाची भाषा होती ती. चहा भयंकर झाला होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि म्हटलं, "अमृत झालाय." त्यांनी तोंड फिरवलं.

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. मी त्यांना जिना चढू देईना. ते मला बादली उचलू देईनात. मी त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली की ते तीच उशी उचलून माझ्या पाठीमागे ठेवत. मी सूप त्यांच्या ताटलीत ओतायची, ते माझ्या ताटलीत ओतायचे, आणि शेवटी ते मेजावर सांडायचं. एरवी सूप सांडलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता फडक्याने पुसून म्हटलं, "सांडू दे हो, सूप काय!" त्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर अशी काही भीती पसरली की मला वाटलं, कळ आली वाटतं. आता समजतंय, मी ओरडले नाही म्हणजे माझं काही खरं नाही, असं वाटलं होतं त्यांना.

सहाव्या घराचं बोलणं अर्थातच राहून गेलं. कसलं घर न् कसलं काय! त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून देवाशी सौदा केला. म्हटलं, प्रभू, सहावंच काय, सातवं, आठवं घर मांडते. समुद्रापलीकडे नाही, समुद्राच्या तळाशी पाठव. एवढा हा माणूस राहू दे. अगदी रडून, नाक पुसून सौदा केला आणि वर आमेनही म्हटलं.

शनिवारी दुपारी समेटकाका आणि समेटकाकू आले. त्यांचं खरं नाव मीही विसरले आहे. नवराबायकोंचे वर्ग घेणं हे त्यांचं मिशनमधलं काम, आणि स्वतः दोघं एकमेकांना "लाडके" आणि "लाडक्या" म्हणतात, तेही लोकांत. आल्याबरोबर काकांनी आमच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या.

"बसा. गुडघ्याला गुडघा लावा. हात धरा."

आम्ही धरले.

"आता," काकू मधाळ आवाजात म्हणाल्या, "प्रथम कधी वाटलं की जोडीदार आपल्याला सोडून जाणार?"

झालं! ह्यांचा बांध फुटला. "सोमवारी," हे हुंदका देत म्हणाले. "एका पेशंटची दाढ काढत होतो, तर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, डॉक्टर, धीर धरा. काकू, मला खरं सांगा, किती दिवस उरलेत हिला?"

"मला?" मी ओरडले. "मला काय धाड भरली आहे? उरलेत तुमचे!"

"माझे?"

"मग चहा का केलात?"

"तू आजारी आहेस म्हणून!"

"मी कशाला आजारी असेन?"

समेटकाकांनी दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! आजारी कुणीच नाही. तुमचा संसार मोडायला आलाय ना, म्हणून प्रार्थना चालली आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं असे हसत सुटलो की खुर्च्या करकरायला लागल्या. गुडघ्याला गुडघा आपटत होता. हे डोळे पुसत म्हणाले, "चहा वाईट होता ना?" मी म्हटलं, "विष!" आणि पुन्हा हसलो. समेटकाका-काकू चांगलेच हिरमुसले. त्यांच्या वर्गात लोक रडतात, असं हसत नाहीत. जाताना काकू म्हणाल्या की साखळी शिबिराकडून आली, मुलांनी संध्याकाळच्या प्रार्थनेत काही विनंती केली म्हणे. तपशील त्यांना माहीत नव्हते.

"धाकटा!" मी म्हटलं. "त्याचंच काम. उद्या कान उपटते की नाही बघा."

रविवारी सकाळी गाडीत बसलो तेव्हा हे शीळ घालत होते. मलाही इतकं हलकं वाटत होतं की मुख्य गोष्ट विसरायलाच झाली होती. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "मग दुपारी साहेबांना होकार सांगून टाकतो. ठरलं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण सौदा! देवाने माझा माणूस धडधाकट परत दिला होता. आता कोणत्या तोंडाने मागे फिरायचं?

"हं," मी म्हटलं.

शिबिराच्या मैदानावर मुलं, बॅगा, ओले टॉवेल आणि आईबाप यांचा नुसता गोंधळ होता. शिबिर चालवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी असते आणि ती त्या दर दोन वाक्यांनंतर वाजवतात. त्या शिट्टीबाई आम्हाला हातात हात घालून येताना पाहून धावतच आल्या. "स्तुती असो! काय साक्ष आहे ही!" म्हणून त्यांनी एक शिट्टी मारली. तेवढ्यात धाकटा आला आणि मी त्याचा कान पकडला.

"काय सांगितलंस रे आमच्याबद्दल?"

"आई गं! तुमच्याबद्दल काहीच नाही!"

"मग काय विनंती केलीस?"

"अगं, सगळ्यांकडे केवढ्या मोठ्या मोठ्या विनंत्या असतात! एकाच्या बाबांना साप चावलाय. एकीच्या घराचं छप्पर वाऱ्याने उडालंय. एकाच्या काकांना तर मगरीने नदीत ओढलं होतं, आणि त्याने ते अर्धा तास पुरवून सांगितलं. आणि आपल्याकडे कधी काही होतच नाही!" त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "माझी पाळी आली, सगळे वाट बघत होते. मग मी ताईचं सांगितलं."

"ताईचं काय?"

"की तिला अशी मैत्रीण मिळू दे, जिला सोडून जायला लागणार नाही."

माझ्या हातातून त्याचा कान सुटला.

"लहानच होती विनंती," तो कान चोळत म्हणाला. "पण खरी होती. शिट्टीबाई म्हणाल्या, छान आहे, पण घरातल्या माणसांचं नाव घेऊन तपशील सांगायचे नाहीत."

मग काय झालं असेल ते कळायला मला फार डोकं लागलं नाही. शिट्टीबाईंनी फोनवर सांगितलं असेल, त्या घरात सोडून जाण्याचा प्रश्न आहे. पुढचीने म्हटलं असेल, त्या घरात कुणीतरी सोडून जातंय. त्यापुढचीने मान कलती केली असेल आणि सूप चढवलं असेल.

हे माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. काही म्हणणार होते, पण नेमके तेव्हाच मिशनचे साहेब आले, ह्यांच्या खांद्यावर हात टाकून "चला डॉक्टर, समारोपाला उशीर होतोय, तुमचा होकार मी धरलाच आहे, बाकीचं नंतर," म्हणत त्यांना पुढच्या रांगेत घेऊन गेले.

मी ताईला शोधलं. लाकडी खोलीच्या पायरीवर ती आणि एक चष्मेवाली मुलगी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दोघी कशावर तरी इतक्या हसत होत्या की चष्मेवालीचा चष्मा मांडीवर पडला. ताई अशी हसताना मी कधी पाहिली होती, आठवेना. मग ताईने मला पाहिलं. आई आली म्हणजे निघायची वेळ आली. तिने हसणं आवरलं, आणि हळूच त्या मुलीपासून वीतभर बाजूला सरकून बसली. आत्तापासूनच सवय करत होती पोर. मला तिथे भर मैदानात भोकाड पसरावंसं वाटलं.

समारोपाला आम्ही सगळे झाडाखाली जमलो. मुलं पुढे गवतावर, आईबाप मागे बाकांवर. साहेब प्रार्थनेला उभे राहिले. साहेबांची प्रार्थना लांब असते. जगातला एकही खंड सुटत नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे मात्र टक्क उघडे होते. मी देवाशी भांडत होते. म्हटलं, सौदा झाला होता, मान्य. पण माणूस आजारीच नव्हता! जो तू नेणारच नव्हतास तो परत देण्याचं मोल कसं घेतोस? बाजारात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

"आणि हे प्रिय डॉक्टर, त्यांची पत्नी आणि लेकरं," साहेबांचा आवाज भरून आला, "जी आनंदाने, एका मनाने, समुद्रापलीकडे जाण्यास सिद्ध झाली आहेत, त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आणि सर्वांनी म्हणावं..."

"आमेन" म्हणायची ती जागा. मैदानातल्या सगळ्यांनी श्वास घेतला. मीही घेतला.

"नाही!" मी म्हटलं.

माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच आहे. लोकांचे आमेन अर्ध्यातच लटकले. "आमे" पर्यंत पोहोचलेले लोक डोळे उघडून बघायला लागले. त्या जागी हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. माझी मलाच लाज वाटली, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शब्द सुटला होता आणि मला तो परत नको होता.

"नाही," गवतावरून आणखी एक आवाज आला. ताई उभी राहिली होती. कान लालबुंद, मुठी आवळलेल्या.

मग तिच्या शेजारची चष्मेवाली उभी राहिली. "नाही!" मग तो मगरीच्या काकांचा पुतण्या. मग छप्पर उडालेली. मग भराभर सगळं गवतच उठलं. कुणाची शाळा दरवर्षी बदलत होती, कुणाचा कुत्रा मागे राहिला होता. कुणाला कशाला नाही म्हणायचंय ते मुळीच माहीत नव्हतं, पण म्हणायला फार छान वाटत होतं. "नाही! नाही! नाही!" धाकटा तर बाकावर चढून नाचत होता. आईबाप एकमेकांची तोंडं बघत होते. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि तिसऱ्यांदा वाजवताना त्यांना हसू फुटलं आणि शिट्टीतून नुसतंच फुर्र झालं.

शेवटी पोरं दमून गप्प झाली. साहेब घामाघूम होऊन पुढच्या रांगेकडे वळले.

"डॉक्टर?"

हे सावकाश उठले. आधी मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. ती अजून मुठी आवळून तशीच उभी होती. आणि कधी नव्हे ते, आम्हा दोघींना अजून काही बोलायचं आहे का याची वाट बघत राहिले. आम्हाला नव्हतं. मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि आमच्या त्या 'नाही'वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आमेन."